दोनदा ‘ठीक आहे’

प्रिय ताई,

फोनवर सांगावं असं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा तू आधी रडलीस आणि मीच तुझी समजूत काढत बसले. म्हणून लिहितेय. पूर्ण वाचून झाल्याशिवाय फोन करू नकोस. मध्येच केलास तर मी पुन्हा खोटं बोलेन, एवढी मी मला ओळखते.

बाबांची खोली परवा अर्धी आवरली. कामाचं टेबल तसंच ठेवलंय. डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, लोकांनी दुरुस्तीला टाकलेली आणि न्यायला कधीच न आलेली मनगटी घड्याळं. भिंतीवरची नऊ घड्याळं किल्ली न मिळाल्याने एकेक करून बंद पडली, प्रत्येक वेगळ्या वेळेला. बाबा असते तर म्हणाले असते, मिनिटकाट्याला एक काम धड जमत नाही. तू त्यांचा तासकाटा, मोठी आणि शांत. मी सारखी धावणारी आणि कुठेच न पोहोचणारी. त्यांच्या जवळ राहणं मात्र माझ्याच वाट्याला आलं. जवळ म्हणजे दीड तासाच्या अंतरावर, तेही रविवार ते रविवार.

ते हिरवं बटण तुझी कल्पना होती, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. आई गेल्यावर ते एकटे, तू विमानाने सहा तास लांब, तुला दुसरं सुचणार तरी काय? कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन मोठी बटणं, हिरव्यावर ‘ठीक आहे’, लालवर ‘मदत हवी’. सकाळी नऊच्या आत हिरवं दाबलं की आपल्या दोघींच्या फोनवर निरोप, नाही दाबलं तर भोंगा. आणि आपले घड्याळजी बाबा! केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारे त्यांचे हात, पण माऊसवर बोट एकदाच दाबायचं हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. फोटो असो, पत्र असो, टक-टक. त्यामुळे आपल्याला रोज दोन निरोप यायचे. ठीक आहे, ठीक आहे. तू म्हणायचीस, एक तुझा, एक माझा.

मग ते केस कापायला गेले तो दिवस आठव. तिथे गप्पांत नऊ वाजून गेले, भोंगा झाला, तू घाबरून शेजारच्या सुतारकाकांना फोन केलास, आणि त्या भल्या माणसाने दार उखडलं. बाबा गुळगुळीत मान घेऊन परतले तर त्यांच्याच दारात दहा माणसं त्यांच्यासाठी हळहळत उभी! तू आणि मी पोट धरून हसलो होतो. त्या रविवारी मी गेले तेव्हा ते दिवसभर दाराच्या बिजागऱ्या बसवत होते. मी निघताना म्हणाले, रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात, पण रोज जगणाऱ्याकडे रोज दाखला मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या. चिडले नव्हते गं. त्यांना लाज वाटत होती. ते मला बघवलं नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे, लोकांनी बनवलेले प्रोग्रॅम कुठे मोडतात ते शोधणं. एकच बटण दहा हजार वेळा दाबून बघायचं असलं की आम्ही माणूस बसवत नाही, ऑटोक्लिकर लावतो. तो माऊसच्या वतीने आपोआप क्लिक करत राहतो. फुकट मिळतो, ओपन सोर्स आहे, म्हणजे आतला कोड कुणीही उघडून वाचावा. मी वाचला होता. त्यात कुठेही काही लपलेलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. तोच बाबांच्या कॉम्प्युटरवर उतरवला. प्रोग्रॅम अनोळखी आहे, तरी चालवायचा का, असं कॉम्प्युटरने दोनदा विचारलं आणि मी दोनदा हो म्हटलं. बाण हिरव्या बटणावर नेऊन जागा पकडून दिली. डावं बटण, क्लिक एक, दर चोवीस तासांनी, सकाळी आठला, थांबवेपर्यंत चालू. कॉम्प्युटर कधी बंद करू नका, एवढं बाबांना बजावलं. पाच मिनिटांचं काम होतं.

पुढच्या रविवारी मुद्दाम लवकर गेले. बाबा चहाचा कप घेऊन, खुर्ची मागे ओढून, नाटकाला बसावं तसे बसले होते. आठ वाजले. बाण आपला आपण हलला, थेट हिरव्यावर गेला आणि बटण दाबलं गेलं. बाबा म्हणाले, जन्मभर लोकांची घड्याळं चालती ठेवली, आता हा मला चालता ठेवतोय. मीही हसले. मग माझं लक्ष टेबलावरच्या माऊसकडे गेलं. तो जागचा तसूभरही हलला नव्हता. 

त्याच आठवड्यात तू म्हणालीस, हल्ली एकच निरोप येतो, शिकले वाटतं बाबा. मी म्हटलं, हो, शिकले.

ताई, बाबा शनिवारी झोपेत गेले नाहीत. ते मंगळवारी पडले. खुब्याचं हाड मोडलं होतं. बुधवारी रात्रीपर्यंत श्वास असावा, असं डॉक्टरांनी लिहिलंय, तो कागद मी तुझ्यापासून लपवला. तू येईपर्यंत थांबता का आलं नाही, हेही आता तुझ्या लक्षात येईल. सुतारकाका मुलीकडे गेले होते. बाबांचा फोन बाहेरच्या खोलीत होता. आणि आपण दोघींनी इतक्या दिवसांत एक फोन का केला नाही? हिरवं येत होतं म्हणून. मी रविवारी जिना चढत होते तेव्हाही खिशात फोन वाजला. ठीक आहे. दार उघडलं तर ते टेबलाखाली होते. वायर धरून त्यांनी माऊस खाली ओढून घेतला होता, तो त्यांच्या मुठीत होता. ते लाल बटण शोधत होते, हे मला कुणी सांगायला नको. जमिनीवरून पडदा दिसत नाही. आणि आठ वाजले की बाण पुन्हा हिरव्यावर. शनिवारपर्यंत तरी ठीक होते, रविवारचा निरोप मागचाच उशिरा आलेला, असं मी तुला सांगितलं. या एका आधारावर तू तरलीस, आणि तो आधार मी पाच मिनिटांत बनवला होता.

त्याच दिवशी भोंगा बंद केला, ऑटोक्लिकर काढून टाकला. कॉम्प्युटर बंद केला, वायरी सोडवून गुंडाळल्या, पडदा भिंतीकडे फिरवला. नवं कुलूप घातलं, त्याची चावी फक्त माझ्याकडे आहे. दहाव्या दिवशी सकाळी सात चाळीसला माझा फोन वाजला. ठीक आहे. मी चहा गाळत होते. गाळणं हातात असतानाच पुन्हा वाजला. ठीक आहे. तेव्हापासून रोज येतंय. कधी सात चाळीस, कधी सव्वाआठ, बाबांना जाग येईल तसं, आणि नेहमी दोनदा. मी जाऊन बघून आले. कुलूप तसंच, वायरी गुंडाळलेल्या, टेबलावर धूळ. चूक शोधणं हा माझा धंदा, पण मला ती सापडत नाही.

तुझ्याही फोनवर हे येत असणार, आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस. त्या बटणांच्या खात्याचा पासवर्ड तुझ्याकडे आहे. कुठूनही उघडून दाबता येतं. म्हणून हे पत्र. तू दाबत असशील, त्यांच्यासारखं दोनदा दाबून मन रमवत असशील, तर मला रागवायचा हक्क नाही. फक्त सांग. आज गुरुवार आहे, संध्याकाळपर्यंत तुझ्या उत्तराची वाट बघेन, असं लिहून मी सही करणार होते. पण आत्ता, वरची ओळ लिहिताना फोन वाजला. मदत हवी. मग लगेच पुन्हा. मदत हवी. ताई, हे तू दाबलं असशील तर दाबलं असशील. मी चावी घेतली आहे. या वेळी मी रविवारची वाट बघणार नाही.

तुझीच,
मिनिटकाटा