दीपगृहवालीचा शेवट

प्रिय धाकटे,

उशीखालून पुस्तक ओढलं तर ते तिच्या वेणीत अडकलं. एका हाताने वेणी सोडवत आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून मी पलंगावर वाकले होते, तेवढ्यात ती झोपेत म्हणाली, "मावशी, थांब ना." मी थांबले. तिने कूस बदलली नाही, प्लॅस्टरमुळे तिला ती बदलता येत नाही. मग मी पुस्तक घेऊन बाहेर आले आणि ऑफिसच्या पिशवीत डब्याखाली ठेवलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीच्या उशीखाली मी चोरी केली, आणि तिने नाव घेतलं ते तुझं. तेव्हा या पत्रात पुढे जे काही येईल ते तुलाच ऐकून घ्यावं लागेल.

तिचा पाय मोडला तेव्हा मला काळजी वाटली, हे तर झालंच. पण डॉक्टर म्हणाले की जिना चढायचा नाही, आणि ती आपली वरच्या मजल्यावरची खोली सोडून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी खूश झाले होते. हे आणखी कुणाला सांगता येत नाही. नोकरी लागल्यापासून ती माझ्याकडे आली की घड्याळ बघत बसायची. आता बसून राहणं तिला भागच होतं. मी खिडकीजवळ पलंग लावला, शेजारी स्टूल ठेवलं आणि स्टुलावर पुस्तकं. नीट विचार करून निवडली होती. बहुतेकांची प्रुफं मीच वाचलेली, म्हणजे प्रत्येक अक्षर माझ्या नजरेखालून गेलेलं. संध्याकाळी मी विचारायचे, कसं वाटलं. ती म्हणायची, छान आहे, आई. दुसऱ्या दिवशी खूण त्याच पानात. ती मला दुखवत नव्हती. पाहुण्यांशी वागावं तसं वागत होती.

मग तुझं पार्सल आलं. दीपगृहवालीच्या कादंबऱ्या, एकीला एक लागून, मुखपृष्ठावर वाऱ्याने केस उडालेली बाई आणि मागे लाटा. मी नाक मुरडलं, तिने ते पाहिलं. मी म्हटलं की ही नायिका दर प्रकरणात बेशुद्ध पडते, तिला मुळात कथानक माहीत असण्याचंच कारण नाही. ती हसली, पण मला बरं वाटावं म्हणून हसली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते आणि तिच्या खोलीतून हसू आलं. कुणी आलंय का म्हणून मी बघायला गेले. कुणी नव्हतं. ती आणि तुझं पुस्तक. मी दारात उभी आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर रविवारचे तुझे फोन. पूर्वी तू मला फोन करायचीस आणि शेवटी म्हणायचीस, तिला दे जरा. आता माझी चौकशी दोन वाक्यांत उरकतेस आणि फोन आत जातो. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालते. कप्तान परत आला का, पत्र कुणी जाळलं, असलं बोलणं. तिच्या पायाला खाज येते, सारखं उताणं पडून झोप लागत नाही, ऑफिसातल्या कुणाशी तिचं बिनसलंय, हेही मला त्या दारातूनच कळलं. तिच्या पायाखाली उशी मी देते, केस मी विंचरते, आणि तिचं बिनसलेलं तुला माहीत. माय मरो आणि मावशी जगो. ही म्हण कुठल्या तरी मावशीनेच केली असणार.

माझ्या पुस्तकांबद्दल तू एकदा म्हणाली होतीस, ताई, तू पुस्तक देत नाहीस, गोळी देतेस, पाण्याबरोबर घ्यायची. सगळे हसले होते, मीही हसले. दर वाढदिवसाला मी तुला पाठवलेली पुस्तकं तुझ्या बैठकीतल्या फळीवर उंचीप्रमाणे लावलेली आहेत. एकदा तू चहा टाकायला गेलीस तेव्हा मी त्यातलं एक उघडून पाहिलं. नव्या पुस्तकाचा आवाज आला. मी ते परत लावलं आणि तुझ्या चहाचं कौतुक केलं. तू काम करतेस त्या दातांच्या दवाखान्यात तुझ्या टेबलाच्या खणात मात्र ही दीपगृहवाली असते, एक पेशंट गेला की दुसरा येईपर्यंत वाचायला. डॉक्टरीणबाईंनीही तुझ्याकडूनच नेली म्हणतात. तू कुणाला वाच म्हणत नाहीस. नुसती वाचतेस, आणि माणसं तुझ्याकडे हात पसरतात. हे मला कधी जमलं नाही. मी शिफारस केली की माणसं ते नाव लक्षात ठेवतात आणि मला टाळतात.

तर मी पुस्तक ऑफिसात नेलं. हेतू चांगला नव्हता. त्यातल्या चुका काढायच्या, रविवारी फोन आत जायच्या आधी तुला ऐकवायच्या, आणि दार उघडं ठेवायचं. पण आमच्याकडे टेबलं लागून आहेत, आणि त्या बाईचे केस लांबूनही दिसतात. माझ्याकडे एका जाड निबंधसंग्रहाचं जॅकेट होतं, पुस्तकावर चढवायचं सुटं वेष्टन, राखाडी, वर नुसतं नाव आणि एक रेघ. आमचंच नवं पुस्तक, प्रकाशन अजून व्हायचंय. ते जॅकेट दीपगृहवालीला बेतून बसवलं. कडा दुमडताना मला वाटलं, माझ्या हाताला हे काम फार सहज जमतंय. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी मी डबा खाताना वाचायला बसले.

आणि पहिल्याच पानात ठिपका. समासात, शिसपेन्सिलचा.

बाबांचा नियम तुला आठवत असेल. पुस्तकात लिहायचं नाही, वाचनालयाचं असतं, परकं असतं. म्हणून आपण ठिपके द्यायचो. हसू आलं तिथे ठिपका, रडू आलं तिथे छोटी आडवी रेघ, आणि परत करायच्या आधी सगळं खोडायचं. आधी मी वाचायचे, मग तू. तू माझ्या ठिपक्यांच्या मागे मागे यायचीस आणि मी जिथे हसले तिथे हसायचीस, कळलं नाही तरी. साहित्याचा अभ्यास करायला मी गेले तेव्हा हे बंद झालं. पुढे पेन्सिल माझ्या पोटापाण्याची झाली आणि मी फक्त चुकांवर खुणा करू लागले. लेकीला मी ठिपके कधी शिकवले नाहीत. तिला मी बाबांचा नियम तेवढा शिकवला.

तू शिकवलेस. तुझे ठिपके मी ओळखले, तू पेन्सिल दाबतेस, मागच्या पानावर फोड येते. त्यांच्या शेजारी दुसरे होते, बारीक, तिच्या यांत्रिक पेन्सिलीचे. काही ठिकाणी तुझा होता आणि तिचा नव्हता. काही ठिकाणी तिचा एकटीचा. एका जागी तुझ्या ठिपक्याला तिने तीन ठिपके जोडले होते, म्हणजे मला वाटतं फारच हसली. मी मजकूर सोडून समास वाचत होते. मग समास कळेना म्हणून मजकूर वाचायला लागले. आता ऐक, मी हे एकदाच लिहिणार आहे. तिसऱ्या प्रकरणात ती बेशुद्ध पडली तेव्हा मी हसले. पाचव्यात पडली तेव्हा मला तिची काळजी वाटली. जेवणाची सुट्टी संपली आणि माझ्या ते ध्यानात आलं नाही.

कोटाची जागा तुला माहीतच आहे. वादळानंतर होडीतून कोट येतो, आईने पाठवलेला. दोघींचं बोलणं बंद. ही खिशात हात घालते, चिठ्ठी असेल म्हणून. चिठ्ठी नसते. फाटलेलं अस्तर शिवलेलं असतं, एवढंच. मी पहिल्यांदा मनात म्हटलं, खाऱ्या हवेत ते अस्तर टिकायचं नाही. लेखकाने समुद्र पाहिलेला नाही. मग समासात पाहिलं. तिथे तिची आडवी रेघ होती. ठिपका नाही, रेघ. तिच्या वर तुझी. माझी लेक एका आईच्या कोटावर रडली, माझ्या घरात, भिंतीपलीकडे, आणि ते तुला माहीत होतं आणि मला नव्हतं. तुझा मला इतका राग आयुष्यात आला नव्हता. डब्याचं झाकण मी दोनदा उलटं लावलं.

तेवढ्यात साहेब आले. आमचे संपादक, तू त्यांना एकदा पाहिलंयस, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात ते. त्यांनी टेबलावर राखाडी जॅकेट पाहिलं आणि थांबले. म्हणाले की डबा खातानासुद्धा असलं वाचणारी माणसं आता राहिली नाहीत. आजूबाजूच्या पोरींना ऐकू जाईल असं म्हणाले. प्रकाशनाला त्यांना त्या निबंधांवर बोलायचंय, त्यांची प्रत घरी कुठे गेली सापडेना, म्हणून त्यांनी माझी उचलली आणि काखेत मारली. एक वाक्य पुरलं असतं. साहेब, हे ते नाही. माझा जन्म वाक्यं दुरुस्त करण्यात गेला, आणि ते एक मला बोलता आलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ते जिना उतरले आणि तुमचे दोघींचे ठिपके त्यांच्या काखेत गेले.

घरी आले तर ती पलंगावर शोधत होती. चादर उपसलेली, उश्या खाली. प्लॅस्टरचा पाय एका हाताने उचलून ती त्याच्याखाली बघत होती. शेवटची थोडी प्रकरणं उरली होती, म्हणाली, दिवसभर तेच मनात. मी म्हटलं, सापडेल. उश्या उचलून ठेवल्या. चादर ओढली. तिच्याबरोबर पलंगाखाली वाकूनही पाहिलं, तिथे ते नाही हे मला एकटीला माहीत होतं. मग ती म्हणाली, राहू दे, मावशीला विचारते. आणि तिने तुला फोन लावला.

रविवार नव्हता तरी तू दवाखान्यातून बोललीस. तिला तू शेवट सांगितलास. मी दाराबाहेर टॉवेल हातात घेऊन उभी होते. पहिल्यांदा ती म्हणाली, नाही हं. मग, आणि आई. म्हणजे त्या दीपगृहवालीची आई, असं मी समजते. मग तिने नाक ओढलं. मग दोघी हसलात, तुझं हसू फोनमधून बाहेरपर्यंत आलं. मला एक शब्द कळला नाही. मी तिथे उभी होते ते चोरून ऐकायला, हे खरं आहे. पण तुम्ही माझ्याबद्दल काय बोलता हे मला ऐकायचं नव्हतं. आई होडीत बसते की नाही हे ऐकायचं होतं.

तू विचारशील, एवढं सगळं लिहायला ताईला झालं काय. चार वेळा फोन उचलला आणि ठेवला. फोनवर तू आधी हसली असतीस. म्हणून लिहिते. मला शेवट कळव. कोटाच्या पुढून, आई होडीत बसते की नाही तिथपासून, सगळं, तुला आठवेल तसं, भाषा कशीही चालेल. लेकीला विचारता येत नाही, विचारलं तर पुस्तक कुठे गेलं ते सांगावं लागेल. साहेबांना तर नाहीच नाही. आणि पुढचा भाग पाठवशील तेव्हा पार्सलवर माझं नाव घाल. आधी मी वाचेन, मग ती. ठिपके मी देईन. तुझे तू त्यात आधीच देऊन ठेवू नकोस, एवढं माझं ऐक. लहान आहेस.

तुझीच,
ताई

सकाळी पाकीट बंद करायचं राहिलं होतं म्हणून पाठीमागे लिहिते. चहा देताना मी तिला सांगून टाकलं, उशीपासून साहेबांच्या काखेपर्यंत. ती इतकी हसली की पलंगाशी टेकवलेल्या कुबड्या खाली पडल्या. मग भिंतीकडे सरकून तिने जागा केली आणि शेवट सांगायला घेतला. तिला नीट सांगता येत नाही, मधूनच सुरू करते, मागे जाते. होडी अजून किनाऱ्याला लागायची आहे. माझी ऑफिसची वेळ झाली तेव्हा म्हणाली, उरलेलं संध्याकाळी. तेव्हा शेवट तू कळवू नकोस. ऑफिसात साहेब उशिरा आले, डोळे लाल होते. पुस्तकाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.