लाटण्याचा अडसर

आई, मी खिडकीचं कुलूप केलं. कुलूप म्हटल्यावर तू आधी किल्ली कुठं आहे ते विचारशील, तर किल्ली नाही. एक सळई, तिला एक कडी, कडीला साखळी आणि प्लास्टिकच्या नळीचे दोन तुकडे, एवढंच. किंमत म्हणशील तर बसस्टँडवर दोघांनी कॉफी प्यायल्यावर जातात तेवढेच पैसे. आयुष्यभर मी तंजावुरातल्या लोकांच्या घरांना सरकत्या खिडक्या बसवल्या आणि दुसऱ्यांनी केलेली कुलुपं त्यांना लावली. माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेलं हे पहिलंच, तेही साठी उलटल्यावर. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ज्याला सांगायला जावं तो "बरं झालं" म्हणून आपल्या कामाला लागतो. म्हणून तुला सांगतो. तू निदान नाक तरी मुरडशील.

सरकत्या खिडक्यांवर तुझा राग पहिल्या दिवसापासूनचा. गल्लीतलं भाड्याचं घर सोडून आपण या घरात आलो तेव्हा मी मोठ्या हौसेनं सगळीकडे ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या होत्या. कारखाना नुकताच सुरू झालेला, गिऱ्हाइकांना दाखवायला नमुना हवा, आणि आपलं घर म्हणजे फुकटचा नमुना. तो दिवस मला अजून दिसतो. तू स्वयंपाकघरात उभी आहेस, पदर खोचलेला, हात पिठाचे. एका बोटानं काच ढकलतेस, ती जाते. परत ढकलतेस, ती येते. मी कौतुकाची वाट बघत दारात उभा. तू म्हणतेस, "एका बोटानं उघडते ती खिडकी कसली रे? हा तर पडदा." आणि पोळपाटावरचं लाटणं उचलून काचेखालच्या खाचेत आडवं ठेवतेस. ते तिथं असं बसतं की जणू सुतारानं मापच घेतलं होतं. आता काच जागची हलत नाही. "अडसर घातला," म्हणून तू हात धुवायला जातेस, आणि चकचकीत खिट्ट्या लावणारा हा खिडकीवाला तोंडात मारल्यासारखा उभा राहतो.

पुढं तर तू माझी अब्रूच काढलीस. एका गिऱ्हाइकाला मी हौसेनं घर दाखवायला आणलं, तर त्यानं खिडकीजवळ वाकून विचारलं की लाटणं खिडकीबरोबरच मिळतं की वेगळं घ्यावं लागतं. गव्हाच्या पोळ्या आपल्याकडे रोज नसायच्या, त्यामुळं लाटणं निघून स्वयंपाकघरातली खिडकी सताड उघडी दिसली की शेजारची पोरं ओळखायची की आज इथं पोळ्या, आणि पायरीवर येऊन बसायची. एकदा मी चिडून लाटणं माळ्यावर फेकलं. संध्याकाळी बघतो तर खिडकीच्या खाचेत माझी कामाची पोलादी मोजपट्टी आडवी, आणि तू शांतपणे तांदूळ निवडत बसलेली. मी निमूटपणे माळ्यावर चढलो आणि लाटणं खाली काढलं. तुझ्याशी भांडून कुणी कधी जिंकलंय का?

'अडसर' हा शब्द तू गल्लीतल्या घरातून आणला होतास. तिथं दारामागं आडवं लाकूड असायचं, दोन्हीकडे भिंतीतल्या खोबणीत अडकवायचं. दिवेलागण झाली की तुझा प्रश्न ठरलेला: "अडसर घातला काय?" माझ्या दृष्टीनं त्या शब्दाचा दुसरा अर्थच नव्हता. म्हणून तर तुझी सून मिरजेहून त्याच घरात आली त्या पहिल्या संध्याकाळी तो घोळ झाला. तू आपल्या मायेनं म्हणालीस, "सूनबाई, अडसर घाल गं," आणि ती पोर अवघडून उभी. बघता बघता डोळे भरले. तिला वाटलं, आल्या पावली सासू टोमणा मारतेय की तू आमच्या घरात अडसर घालायला आलीस. तिच्या मिरजेत अडसर म्हणजे वाटेतला अडथळा, 'प्रगतीच्या मार्गातला अडसर' असा वर्तमानपत्रात छापून येणारा. लाकडाचा अडसर तिनं जन्मात पाहिला नव्हता. तुला वाटलं, नाजूक पोरीला ओंडका उचलवत नाही. तू स्वतःच तो उचलून दाराला लावलास आणि तिच्या पाठीवर हात फिरवलास, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. अजूनही ती हे माहेरी सांगते तेव्हा आधी तुझा आवाज काढते आणि मग स्वतःच हसत सुटते.

हे सगळं आज निघालं ते तुझ्या थोरल्या लेकीपायी, अक्कापायी. अक्का अजून तिरुवैयारूलाच आहे, त्याच वरच्या मजल्यावर. भावजी गेले तरी तिनं घर सोडलं नाही. सकाळ-संध्याकाळ मुली गाणं शिकायला येतात. बैठकीची मोठी खिडकी गच्चीकडे उघडते आणि तिच्यातून कावेरी दिसते. या खिडकीला जाळी बसवून घे म्हणून मी किती वेळा सांगितलं असेल, पण ती म्हणते की जाळीतून नदी बघायला ती काही तुरुंगात बसलेली नाही. हट्टीपणा तुझाच. तर झालं असं की माकडांना सरकती खिडकी उघडायचं तंत्र कळलं. एका दुपारी एक भला मोठा हुप्प्या आत येऊन देवापुढची केळी खात बसला. त्याला हाकलायला गेलेल्या अक्काचा पाय मुरगळला, आणि ती बराच वेळ जमिनीवर पडून राहिली. मुली शिकायला आल्या तेव्हा कुठं कळलं. मग बंगळूरहून तिच्या लेकाचा, तुझ्या नातवाचा, फोन आला. आता पुरे झालं, पोंगलच्या सणाला येतो आणि आईला घेऊन जातो, असं त्यानं सांगून टाकलं. तो वाईट नाही गं. आई एकटी पडलेली ऐकून कुठल्या पोराला झोप लागेल? पण अक्का मला फोनवर म्हणाली, "तिथं लिफ्टनं खाली जाऊन मी कुणाला गाणं शिकवू रे?"

मी म्हटलं, पोंगलपर्यंत थांब. खिडकीचं मी बघतो.

बघतो म्हणणं सोपं. तुझं लाटणं मी आधी नेऊन बघितलं, खोटं कशाला सांगू. पण आपल्या स्वयंपाकघरात एकच काच सरकते, दुसरी पक्की बसवलेली आहे. अक्काच्या खिडकीत दोन्ही सरकतात. एकीला लाटणं अडवतं, तर माकड दुसरी ओढतं. मग मी बाजारातली चांगली स्प्रिंगची खिट्टी आणून लावली. घट्ट, मजबूत. आठवड्यानं गेलो तर सगळ्या खिडक्या बंद, मुली घामानं निथळतायत, आणि अक्का म्हणते, हवाच जरा गार होती म्हणून लावून घेतल्या. तिरुवैयारूत, गार हवा! तिचे हात हातात घेतले तेव्हा कळलं. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झालीत, स्प्रिंग दाबायची ताकद त्यांच्यात राहिली नाही. एकदा लावलेली खिट्टी तिला उघडताच येत नव्हती, आणि मला वाईट वाटेल म्हणून ती गप्प बसली होती. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

मग ठरवलं, दाबायचं काही नको, पिळायचं काही नको. बंद केल्यावर मध्यभागी दोन्ही काचांच्या चौकटी एकीमागं एक येतात. तिथं दोन्हींत शिरेल असं भोक पाडलं, बाहेरची बाजू मात्र न फोडता, आणि त्यात एक सळई सारली. दोन्ही काचा एकमेकींना बांधल्या गेल्या, ओढायला सोपं, खर्च जवळजवळ नाहीच. मी मनातल्या मनात स्वतःला पदक दिलं. दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन, हसू आवरेना. माकडानं खिडकी धरून गदागदा हलवली, सळई हलत हलत सुटून खाली पडली, आणि साहेब आत येऊन गूळ तर गूळ, सळईसुद्धा घेऊन गेले. कठड्यावर बसून ती चावत होते म्हणे. माकडाच्या हाती कोलीत ऐकलं होतं, माकडाच्या हाती माझं संशोधन पहिल्यांदाच.

त्या दिवशी मी कारखान्यात रुसून बसलो होतो, आणि तेव्हा तू बोललीस. म्हणजे तसं नव्हे, पण बोललीसच. मी लहान आहे, इडलीचं पीठ रगडायला तू मला रगड्यापाशी बसवलंयस, आणि मी लवकर सुटावं म्हणून दगडावर सगळा जोर टाकून ओणवा झालोय. पीठ बाहेर उडतंय. तू डोक्यात एक टपली मारतेस. "तू कशाला जोर करतोस? दगडाला वजन आहे ना, त्याला काम करू दे." तेव्हा त्या टपलीचा राग आला होता. आता मी खुर्चीतून ताडकन उठलो. भोक सरळ पाडलं होतं, ते तिरकं पाडलं, आतून बाहेर उतरत जाणारं. सळई आपल्या वजनानं आत घसरते. हलवाल तितकी आणखी आत. पातळ पत्र्यात भोक झिजू नये म्हणून नळीचे तुकडे बसवले, आतल्या तुकड्याचं तोंड नरसाळ्यासारखं रुंद केलं, हात थरथरला तरी सळईला वाट सापडावी म्हणून. सळईच्या टोकाला बांगडीएवढी कडी, आणि कडीला साखळी, म्हणजे माकडानं पुन्हा चोरायला नको.

पोंगलला तुझा नातू आला. दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन आला, त्या बघून अक्काचा चेहरा उतरला. तो गच्चीवर गेला आणि बाहेरून खिडकीला भिडला. ढकलली, उचलली, खांदा लावला. खिडकी ढिम्म. मग आत आला आणि आईला म्हणाला, आता तू उघड. परीक्षा खरी हीच होती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. अक्का पुढं झाली. वाकडं बोट कडीत अडकवलं, वर ओढलं, आणि तळहातानं काच सरकवली. कावेरीवरचा वारा आत आला. मग तिनं काच लावली, सळई सोडली, हात हलला तरी ती घसरत आपल्या जागी जाऊन बसली. आम्ही सगळे, तुझी सूनही, जेवायला बसलो. पानावर गोड पोंगल वाढलं होतं, आणि तेवढ्यात गच्चीवर ते माकड आलं.

कुणी हललं नाही. त्यानं काचेला नाक लावून आमची पानं न्याहाळली, मग दोन्ही हातांनी काच धरली आणि आपलं जुनं तंत्र सुरू केलं. गदागदा. सळई थोडी आत. पुन्हा गदागदा, आणखी आत. त्यानं दुसरी काच ओढून बघितली. मग आमच्याकडे असं बघितलं, की जणू आम्हीच त्याचं काही चोरलंय, आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर निघून गेलं. अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागली. आणि तुझा नातू, जो आईशी जन्मभर तमिळ नाहीतर इंग्रजीत बोलला, ज्याला मराठी नुसती कळते असं आम्ही समजत होतो, तो मान खाली घालून म्हणाला, "आई, अडसर चांगली आहे. तू इथंच राहा."

चांगला म्हणायला हवं होतं. तुझ्या सुनेनं सुद्धा दुरुस्त केलं नाही, आणि ती तर माझ्या स्वप्नातलीही मराठी दुरुस्त करते. मला रडू आलं आई, आनंदानंच. हा शब्द त्यानं कुठं ऐकला असेल? लहानपणी सुट्टीत यायचा तेव्हा, तुझ्याच तोंडून, दिवेलागणीला. त्याच्या बॅगा रिकाम्या परत जाऊ नयेत म्हणून अक्कानं त्या तांदूळ, उन्हात वाळवलेले वडाम आणि लोणच्यांनी गच्च भरल्या. पावलाचं दुखणं विसरून ती जिन्यावरून खालपर्यंत गेली.

आता कारखान्यात त्या कुलपांची मागणी सुरू झालीय. तिरुवैयारूत नदीकडच्या बऱ्याच घरांना बसवली, पापनाशमहूनही एक जण विचारून गेला. माझी माणसं त्याला तमिळमध्ये ताळ्पाळ म्हणतात, मी मात्र पाटीवर 'अडसर'च लिहिलंय. तुझी सून म्हणते, मिरजेत असल्या नावाचा एक नग खपणार नाही.

हे पत्र कुठं धाडणार? आणि धाडलं तरी तुला वाचता यायचं नाही. तू मराठी बोललीस जन्मभर, पण लिहिलीस तमिळ अक्षरांत. ही देवनागरी मी तुझ्या सुनेकडून शिकलो, तू गेल्यावर. म्हणून घडी घालून पोळपाटाखाली ठेवतो. ठेवता ठेवता एक सांगून टाकतो, हसू नकोस. गावभर मी अडसर विकत सुटलोय आणि आपल्याच स्वयंपाकघराच्या खिडकीला तो बसवलेला नाही. दिव्याखाली अंधार म्हण हवं तर. अजून रोज दिवेलागणीला मिरजेची तुझी सून आतून विचारते, "अडसर घातला काय?" आणि मी जाऊन खाचेत तुझं लाटणं ठेवतो. पोळ्यांसाठी तिनं दुसरं आणलंय.