धसईच्या ट्रकचे ब्रेक

२ डिसेंबर २००२, सोमवार

ट्रक आला. आला म्हणजे क्रेनने आणून टाकला. चाकं जाम — एकही फिरत नाही. धसईपासून शहापूरपर्यंत क्रेनवाल्याने तोंडाने शिव्या दिल्या नाहीत, नजरेने सगळ्या दिल्या. उतरवताना कुंपणाचे दोन खांब गेले.

छप्पन्न सालची लांब नाकाची गाडी. भाताच्या गिरणीमागे चोवीस वर्षं उभी होती. गिरणीवाल्या दिपेशने भंगारात घालण्याऐवजी मला दिली, कारण मी गेली पाच वर्षं त्याच्या मागे लागलो होतो. डावा मडगार्ड चेपलेला. सीटमध्ये उंदरांची वसाहत. एक मेलेला सापडला, जिवंत किती ते मोजले नाहीत. वास असा की हिने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.

"एकोणसाठाव्या वर्षी माणसं देव देव करतात," ही म्हणाली.

मी म्हटलं, मी ट्रक ट्रक करतो. हसली नाही.

म्हशाची जत्रा अठरा जानेवारीपासून. तिथे हा ट्रक मी स्वतः चालवत नेणार. तीस वर्षं पेपरने ठरवलेल्या वेळेत बातम्या दिल्या. ही वेळ माझी मी ठरवलीय.

५ डिसेंबर

सुदाम मेकॅनिक येऊन गेला. मुरबाडला एसटी स्टँडमागे त्याचं गॅरेज. जुन्या गाड्या जाणणारा या भागातला शेवटचा माणूस, असं सगळे सांगतात. गुटखा खातो. बोलण्याआधी थुंकतो, त्यामुळे फार बोलत नाही हेच बरं. गाडीखाली सरपटत गेला, बाहेर आला, थुंकला.

"काका, इंजिन जमंल. ब्रेकचं कठीन हाय. शू ड्रमला आतून चिकटलेत. घण घालून सोडवाया लागतील."

"मग घाल."

"ड्रम फुटला तर? ह्या गाडीचा ड्रम आता देवाकडं पन नसंल."

तोवर रोज चाकांवर रॉकेल मारायचं आणि बाकी कशाला हात लावायचा नाही, हे माझं काम.

८ डिसेंबर

रॉकेल मारलं. हाताला, भाताला, या वहीला — सगळ्याला तोच वास. किळस आली आहे.

११ डिसेंबर

सकाळपासून फाटकाशी एक माणूस उभा. साठीच्या पुढचा, काटकुळा, सदरा धुतलेला. मध विकायला आला असेल असं वाटलं.

"नवसू," म्हणाला. "ही गाडी मी चालवायचो, सायब."

मला आनंदच झाला. चहा दिला. तिसरा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबायचा, थंडीत चोक किती ओढायचा — सगळं नीट सांगितलं. असा माणूस शोधून सापडला नसता. मग कप खाली ठेवून म्हणाला, "चाकं मात्र खोलू नका. अख्खी काढून टाका. दुसऱ्या गाडीचं सगळं घाला."

"का?"

"आतमंदी बघन्यासारखं काय नाय."

मी म्हटलं, जुनी गाडी जशी होती तशी उभी करायची, तोच तर छंद आहे.

"छंद," तो म्हणाला. कुणी एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसं. चहा अर्धा ठेवून गेला.

१२ डिसेंबर

सुदामने नवसूची गोष्ट सांगितली. लिहून ठेवतो.

जानेवारी एकोणऐंशी. म्हशाच्या जत्रेचे दिवस. हाच ट्रक, मागे भाताची पोती. नवसू चालवत होता, शेजारी त्याचा मेहुणा चंदर — जत्रेत बैलजोडी घ्यायला निघालेला. उतारावर गाडी डावीकडे ओढली गेली आणि शेतात उलटली. चंदर जागच्या जागी गेला. नवसूला खरचटलंही नाही. कोर्टात त्याने स्वतःच कबूल केलं — दारू प्यायलो होतो. एक वर्ष तुरुंग.

नवसूची बायको अंबूबाई म्हणजे चंदरची सख्खी बहीण. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोललेली नाही. एकाच घरात. चोवीस वर्षं. भाकरी करते, ताट सरकवते. काही सांगायचं असलं तर मुलीला म्हणायची, तुझ्या बापाला सांग. मुलगी हर्षाली लग्न होऊन शेजारच्या पाड्यात गेली.

"मग आता?" मी विचारलं.

"आता भिंतीला सांगते," सुदाम म्हणाला. "नवसू भिंतीकडनं ऐकतो."

थुंकला. मग म्हणाला, "पन काका, माझा बाप गिरनीत त्याच्या संगं व्हता. तो सांगायचा, नवसूनं थेंब कधी घेतला नाय. सोताच्या लग्नात बी नाय."

"मग कबूल का केलं?"

"गरिबाकडनं कोन काय बी कबूल करून घेतो."

गाडीची तपासणी कोणी केलीच नव्हती. माणूस कबूल म्हटल्यावर कशाला करतील? म्हणजे त्या दिवशीचे ब्रेक अजून जसेच्या तसे माझ्या अंगणात आहेत. ते गेलेले होते असं निघालं तर अंबूबाईला कळेल, नवरा प्यायलेला नव्हता. मग ती बोलेल.

नुसत्या छंदापेक्षा हे बरं.

१५ डिसेंबर

माळ्यावरच्या पेटीतली कात्रणं काढली. झुरळांनी निम्मी खाल्ली आहेत. त्यांनी खायला हवं होतं ते मात्र शाबूत. म्हशाच्या अपघाताची चार ओळींची बातमी. शेवटचं वाक्य — 'चालक मद्यधुंद अवस्थेत होता, असे समजते.'

बातमी माझीच.

आठवतं सगळं. पान सातला बंद व्हायचं. पावणेसातला ट्रंककॉल लागला. अपघाताच्या जागी मी गेलोच नव्हतो. कोणीतरी कोणाकडून तरी ऐकलेलं मला सांगितलं आणि मी पुढे सांगितलं. नवसूने कोर्टात कबूल केलं ते नंतर. आधी माझी बातमी आली.

'समजते.' हा शब्द मी नव्या पोरांना शिकवत आलो. खात्री नसेल तर समजते लिहा, अंगाशी येत नाही. खरंच आलं नाही.



१९ डिसेंबर

पुढचं डावं चाक सुटलं. तीन तास लागले. सुदामने ड्रमवर चारी बाजूंनी हलक्या हाताने ठोके घातले, मध्येच कान लावून ऐकायचा, पुन्हा ठोके. शेवटी ड्रम ओढला तेव्हा आतून जे पडलं त्याची आत्ताही शिसारी येते. गंज. लायनरचा काळा भुगा. कुंभारमाशीचं मातीचं घर. आणि ब्रेकच्या सिलिंडरवर तपकिरी, चिकट, थिजलेलं काहीतरी — पावसात विरघळून पुन्हा वाळलेल्या गुळासारखं. वास खवट. नाकातून जात नाही.

सुदामने ते नखाने खरवडलं, हुंगलं आणि जिभेला लावलं. मी तोंड फिरवलं.

"खुरासनी," म्हणाला. पहिल्यांदाच न थुंकता बोलला.

"म्हणजे?"

"खायचं तेल, काका. घरचं. बाटलीच्या तोंडाशी सुकतं ना, तसं सुकलंय. ब्रेकतेल कमी झालं का हेच वतायचे. ह्या साईडचे सगळे डायवर. मुरबाडला जाऊन डबा कोन आनतो? तेल ते तेल, असं समजायचे."

"मग काय होतं त्याने?"

सुदामने सिलिंडर खोलून आतला रबरी कप काढून दाखवला. ब्रेकतेलात रबर नीट राहतं, खायच्या तेलात फुगतं. फुगून तो कप सिलिंडरात रुतून बसला होता. भिजलेल्या वालासारखा. हातात घेववेना.

"हा फुगला का हे चाक धरून बसनार. दुसऱ्या बाजूचा सुटला असंल तर ते चाक मोकळं. उतारावर पाय दाबला का गाडी डाव्या अंगालाच जायची. स्टेरिंगवर कोन बी असता तरी गेली असती."

२० डिसेंबर

उजवं चाक खोललं. कप फाटलेला, ब्रेक धरतच नसणार. सुदाम म्हणतो तसंच.

नवसू प्यायला नव्हता.

२३ डिसेंबर

नवसूच्या पाड्यावर जाऊन आलो. धसईपर्यंत एसटी, पुढे पायी. तो अंगणात कुडाची काठी बसवत होता. अंबूबाई ओट्यावर पाठमोरी, सुपात तांदूळ पाखडत. मी मोठ्याने सांगायला सुरुवात केली, मुद्दाम, तिला ऐकू जावं म्हणून. "नवसू, चाकं खोलली. आत —"

त्याने माझा दंड धरला आणि मला पार रस्त्यापर्यंत नेलं. या वयात एवढी ताकद.

"टाकलं का ते?"

"बाटलीत ठेवलंय. पुरावा आहे. खुरासणीचं तेल. तुझी चूक नाही, सगळेच घालायचे. तू प्यायला नव्हतास."

"पेलो होतो."

"नव्हतास."

"कोर्टात लिवलंय तसं."

"खोटं लिहिलंय. पेपरात मीही खोटं लिहिलं. मी ते दुरुस्त करणार."

"सायब, पाया पडतो. ऱ्हाऊ द्या." खरंच वाकला. "कोनाला सांगू नका. गाडी चालवा, जत्रेला जा. हे ऱ्हाऊ द्या."

परत येताना संताप आला. त्याचा. स्वतःसाठी उभं राहायला इतकं घाबरायचं? की दारुड्या म्हणवून घेणं बरं, पण गाडीत खायचं तेल ओतणारा अडाणी म्हणवून घेणं नको? माणसाची लाज कुठे अडकून बसेल सांगता येत नाही. अशा लाचारीची मला मनापासून किळस येते.

२ जानेवारी २००३

नवे कप मुंबईहून आले. माप चुकीचं. सुदामने दुसऱ्या कुठल्या गाडीचे घासूनपुसून बसवायला घेतले. अंगणात त्याच्या पिचकाऱ्यांची लाल नक्षी. ही त्यावर राख टाकत फिरते आणि माझ्याकडे बघते.

९ जानेवारी, गुरुवार

रविवारच्या सदरासाठी लेख दिला. नऊशे शब्द, दुपारी चारच्या आत. 'चोवीस वर्षांनी उघडलेली चाकं.' माझं 'समजते' मी लपवलं नाही, तिथूनच सुरुवात केली. तेल, फुगलेला कप, ओढली गेलेली गाडी, न बोलणारी बायको — सगळं नावानिशी. नाव न घालता नाव धुता येत नाही.

हिने वाचला.

"छापायचं म्हणून त्यांना विचारलंत का?"

मी म्हटलं, नको म्हणाला होता. भित्रा आहे.

"नको म्हणाला ना?" कागद टेबलावर ठेवून आत गेली.

१२ जानेवारी, रविवार

छापून आला. सकाळपासून फोन. संपादक खूश. कसाऱ्याचा जुना सहकारी म्हणाला, अशी चूक कबूल करायला छाती लागते. सुदामने पाच प्रती घेतल्या. त्याचं नाव दोनदा आहे. एक गॅरेजात लावणार म्हणतो.

बरं वाटलं. कशाला खोटं लिहू, फार बरं वाटलं.

१३ जानेवारी

ब्रेकमधली हवा काढली. सुदाम खाली हवा सोडायच्या निपलशी, मी वर पाय दाबतोय — दाब, धर, सोड. तासभर. त्याच्या तोंडावर तेल उडालं तेव्हा त्याने गुटख्यासकट सगळं माझ्या पायरीवर ओकलं. धुऊन काढली. मग गाडी सुरू केली, वीस फूट नेली, ब्रेक दाबला. थांबली. सरळ. कुठेही न ओढता.

"जत्रंला चाललाव, काका," सुदाम म्हणाला.

१५ जानेवारी, बुधवार

अंबूबाई आली होती. एकटी, एसटीने. हर्षालीने तिला लेख वाचून दाखवला. पायरीवर बसली, पाणी नको म्हणाली.

"तेल मी दिल्तं. त्यानी मागला नाय. ब्रेकचा तेल कमी पडतंय म्हनला, म्हनून रोज सकाली मीच डबडा भरून द्यायची. आमच्या वावरातली खुरासनी. बाजारच्या परीस चांगला, म्हनून."

माझ्याकडे बोलण्यासारखं होतं ते सगळं रविवारी छापून झालं होतं.

"रविवारी त्याला विचारला. एवढ्या वर्सांत पयल्यांदा त्याच्या तोंडाकडं बघून बोलले. मी म्हटला, तेलानं झाला ह्ये तुला ठाव व्हता का? मान हलवली. तवाच कोना मिस्त्रीनं त्याला सांगितला व्हता. मंग कोर्टात जाऊन दारू बोलला." पदर नीट केला. "राग धरून जगता येतं, सायब. मी जगले. त्यानी जगू दिला."

मग म्हणाली, "काल रात्रीपासनं तो घरात नाय. तुमच्याकडं आलाय का?"

नाही, म्हटलं. गाडी काढतो, शोधू, म्हटलं.

तिने ट्रककडे पाहिलं. "हिच्यात मी नाय बसनार," म्हणाली आणि फाटकाबाहेर गेली.