बॉनेटवरचे पांढरे ठिपके

प्रिय बारक्या,

पन्नाशी उलटलेल्या गणिताच्या सरांना बारक्या म्हणावं की नाही, यावर मी पेन हातात धरून चांगली पाच मिनिटं घालवली. मग म्हटलं, सर असशील तू तुझ्या शाळेत. मी तुझं नाक पुसलंय. तर बारक्या, फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर आपण काय बोलतो सांग बरं? तब्येत कशी आहे, बरी आहे. मुलं काय म्हणतात, मजेत आहेत. ठेवू का, ठेव. सहा वर्षं हेच चाललंय, आणि ते कशामुळे चाललंय हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. माझ्या गाडीपायी. पत्राचं एक बरं असतं, तुला मध्येच 'ठेवू का' म्हणता येत नाही.

आधी घरची बातमी. लाँड्री तुझ्या भाचीच्या हवाली केली. गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि खरं सांगायचं तर तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. गिऱ्हाइकांशी ती गोड बोलते, हा गुण तिने कुठून उचलला कोण जाणे, माझ्याकडून तर नक्कीच नाही. मी आता घरी असते. तुझे भाऊजी म्हणतात, ही रिकामी बसली की घरातल्या पडद्यांनासुद्धा घाम फुटतो. पहिल्या आठवड्यात पडदे झाले, दुसऱ्यात सोफ्याची खोळ, गाद्यांचे अभ्रे, भाऊजींची टोपी. तिसऱ्या आठवड्यात धुण्यासारखं घरात काहीच उरलं नाही, तेव्हा माझी नजर गाडीवर गेली.

आजवर गाडी मी कोपऱ्यावरच्या धुलाई केंद्रात द्यायचे. तिथले लोक एकाच फडक्याने चाकं आणि दारं पुसतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि तिथून गाडी परत घेऊन आले. मग तुझ्या भाचीने मला शिकवलं, तेही असं की जणू मी काल जन्मले. आई, उन्हात नाही. आई, पत्रा गार हवा, आधी हात लावून बघ. आई, दोन बादल्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. आई, वरून खाली, टप आधी आणि चाकं सगळ्यात शेवटी. मी म्हटलं, बाई गं, तीस वर्षं लोकांच्या रेशमी साड्या आणि लोकरीचे कोट धुतलेत मी. तर म्हणाली, म्हणूनच सांगतेय, तुझा हात घासायचा आहे. आहेच. काय करू? पण तिचं ऐकलं. घराच्या सावलीत गाडी घेतली, एका वेळी एकच भाग धुतला, आणि साबण वाळायच्या आत पाणी मारलं.

आणि बारक्या, यात एक युक्ती माझीही आहे, ती तुझ्या भाचीला सुचली नव्हती. आपल्या वाफेच्या इस्त्र्यांत मी कधीही बोअरचं पाणी घालू दिलं नाही, हे तुला आठवत असेल. त्या पाण्यात क्षार फार, थेंब वाळला की कपड्यावर पांढरा ठिपका ठेवून जातो. त्यासाठी मी शुद्ध केलेल्या पाण्याचे कॅन आणायचे आणि कुणी चुकून नळाखाली इस्त्री धरली तर घर डोक्यावर घ्यायचे. तेच कॅनचं पाणी मी गाडीवर शेवटचा हात म्हणून ओतलं. मग मोठा मऊ टॉवेल पत्र्यावर अंथरायचा आणि हळूच आपल्याकडे ओढायचा, घासायचं नाही. आरशांच्या खाचांत आणि दारांच्या फटींत पाणी दडून बसतं आणि मागाहून ओघळतं, म्हणून दारं उघडून तिथेही पुसायचं. सकाळी सातला सुरू केलं ते साडेदहाला संपलं. कंबर मोडली, पण गाडी अशी दिसत होती की भाऊजी चहाचा कप घेऊन तिच्याभोवती दोनदा फिरले. मला फार बरं वाटलं. दुकान सोडल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

फक्त बॉनेटवरचे ते जुने ठिपके तसेच राहिले. तुला माहीत आहेत ते. मी ते सहा वर्षं रोज पाहतेय.

तो दिवस मी विसरलेले नाही, हे आधी सांगते. गाडी घेऊन चारच दिवस झाले होते, गडद निळी, मी स्वतःच्या जिवावर घेतलेली पहिली गाडी. तुम्ही दोघं खास ती बघायला आला होतात. दुसऱ्या दिवशी नणंदबाईंना घेऊन आम्ही फिरायला निघणार होतो. तू संध्याकाळी कुणाला न सांगता कव्हर काढलंस, गाडी धुतलीस आणि कव्हर बाजूला घडी करून ठेवलंस, सकाळी ताईला एकदम चकचकीत दिसावी म्हणून. सकाळी नऊला मी नणंदबाईंना हाताला धरून बाहेर आणलं, आणि बॉनेटवर हे एवढाले पांढरे ठिपके. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. सगळ्यांसमोर. नणंदबाई होत्या, तुझी बायको होती, शेजारचे कुंपणापाशी उभे होते. साबणाचं पाणी वाळू दिलंस, पुसायचा आळस केलास, तुला एक काम धड जमत नाही, काय काय बोलले. तू एकच वाक्य बोललास, मी पुसली होती ताई. त्यावर मी म्हणाले, डागांचं तू मला शिकवू नकोस. डाग ओळखण्यात माझा हात धरणारं या गावात कोणी नाही, हे मला ठाऊक होतं ना! दुपारच्या बसने दोघं गेलात. त्यानंतर तू येतोस, नाही असं नाही, पण सकाळी येतोस आणि संध्याकाळी जातोस. माझ्या घरात एकदाही मुक्काम केला नाहीस, आणि माझ्या गाडीत एकदाही बसला नाहीस. थांब्यावर सोडते म्हटलं की म्हणतोस, चालणं बरं असतं.

आता मुद्द्याचं. आता मी गाडी धुतली त्या दिवशी तुझ्या भाचीने बजावलं होतं, आज कव्हर घालू नकोस, फटींतली ओल सुकू दे. तू धुतलीस त्या रात्रीनंतर सहा वर्षांत पहिल्यांदा गाडी उघडी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येऊन बघते तर बॉनेटवर नवे पांढरे ठिपके! माझा विश्वास बसेना. शुद्ध पाणी, सावली, मऊ टॉवेल, सगळं केलेलं. आधी भाऊजींना धरलं, तुम्हीच ओल्या हाताने काहीतरी केलंत म्हणून. ते बिचारे म्हणाले, मी तर फक्त बघितली. मग शेजारणीवर संशय घेतला, ती अंगण धुते तेव्हा पाणी उडत असेल. मी किती पटकन माणूस शोधते बघ. ताजे ठिपके पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून, ओलं फडकं मिनिटभर ठेवून काढले, वर कॅनचं पाणी मारलं, पुसलं. आणि गाडी पुन्हा उघडीच ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे चोर पकडायचा म्हणून पाच वाजता खिडकीत खुर्ची टाकून बसले.

साडेपाचला फुलझाडांच्या वाफ्यातला फवारा सुरू झाला. तोच, जो मी गाडी यायच्या महिनाभर आधी हौसेने बसवून घेतला होता, आपोआप सुरू होतो, आपोआप बंद होतो, सगळ्यांना दाखवायचे मी. आपण उठायच्या आधीच त्याचं काम झालेलं असतं, म्हणून चालू असताना मी तो कधी पाहिलाच नव्हता. त्याची तोटी गोल फिरते. फिरत फिरत कोपऱ्यावर आली, आणि पाण्याची एक धार कुंपणाकडे न जाता सरळ माझ्या बॉनेटवर. पुढच्या फेरीला पुन्हा. दहा मिनिटं. बोअरचं पाणी, बारक्या. ज्या पाण्याचा एक थेंब मी गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर पडू दिला नाही, ते मीच रोज पहाटे गाडीवर उडवत होते. इतकी वर्षं ते कव्हरवर पडत होतं, त्याच्यावर पांढरे पट्टे आले होते, आणि मी म्हणत होते, कापड विटलं. कसली मी डागांची जाणकार! खिडकीत बसल्या बसल्या मला रडू फुटलं. भाऊजी धावत आले, त्यांना वाटलं गुडघा.

आणि एक सांगायचं राहिलं, ते सांगायला मला सगळ्यात जड जातंय. त्या सकाळी, मी तुला बोलत होते तेव्हा, दोरीवर तुझा अंगाचा टॉवेल वाळत होता. पांढरा, काठाला हिरवी पट्टी. मधोमध काळपट झालेला, गाडीच्या धुळीने. तू गाडी पुसली होतीस याचा पुरावा माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होता, आणि तो मी पाहिला. पाहिला, आणि तरी बोलत राहिले, कारण इतक्या लोकांसमोर थांबता येईना. घाईत तू तो विसरून गेलास. मी धुतला, डाग काढला, इस्त्री केली आणि कपाटात ठेवला. परत द्यायचा तर काय म्हणून द्यायचा, ते सुचलं नाही.

तर हे पत्र एवढ्यासाठी. चूक माझी होती, तू गाडी पुसली होतीस. हे कागदावर लिहून मी सुटणार नाही, कारण बोलले होते सगळ्यांसमोर. येत्या शनिवारी मी स्वतः गाडी चालवत तुझ्याकडे येतेय, नणंदबाईंना शेजारी बसवून. त्यांना सगळं सांगितलंय, आणि त्या म्हणाल्या, ते मी तुझ्या तोंडून त्याच्या बायकोसमोर ऐकणार. चार तासांच्या रस्त्याने गाडी धुळीने माखेल, माखू दे. तुमच्या दारात सावली कुठल्या बाजूला असते ते बघून ठेव आणि दोन बादल्या काढून ठेव. कॅन मी आणते. जुने ठिपके पत्र्यात मुरलेत, ते आता जायचे नाहीत, पण बाकीची गाडी मी धुते, तू पूस. तुझा टॉवेल घेऊन येतेय.

तुझीच, तोंडाने फटकळ आणि आता जरा शहाणी झालेली,
ताई