फुकट दिलेल्या अंकांबाबत खुलासा व दक्षिण दाराची जागा न बदलण्याची विनंती

प्रति,
मा. वितरण अधिकारी,
'कोपरा' पाक्षिक, विक्रेता विभाग,
गोथेनबर्ग.

विषय : जागा बदलून मिळण्याचा माझा मंजूर झालेला अर्ज रद्द करून, मला म्योल्नडाल स्थानकाच्या दक्षिण दारापाशीच पुन्हा उभे राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) माझा फेब्रुवारी महिन्यातील जागाबदलाचा अर्ज.
२) माझी विक्री पंधरा दिवस थांबवून त्यानंतर मला दुसरी जागा देण्याबाबत आपली नोटीस.

महोदय,

१. मी, गुनवोर हेदलुंड, वय अठ्ठावन्न, गेल्या शरद ऋतूपासून वरील दारापाशी, फक्त बेघरांनीच विकायचे असे आपले पाक्षिक विकते. माझा मुक्काम सध्या चर्चच्या महिला निवाऱ्यात आहे. त्यापूर्वी मी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. आजारपणात नोकरी सोडली आणि नंतर भाड्याचे घरही गेले. नोकरी सोडल्याचे तिथल्या सहकाऱ्यांना माहीत होते, घर गेल्याचे माहीत नव्हते. या अर्जातील सर्व प्रकार त्या एका गोष्टीतून झाला आहे, म्हणून ती आधी लिहिली.

२. मध्यवर्ती स्थानकावरील आपले विक्रेते रूने यांच्या तक्रारीवरून आपण मला नोटीस दिली. तक्रारीतील प्रत्येक शब्द खरा आहे. विक्रेता म्हणून नाव नोंदवताना आपण आम्हाला तीन नियम वाचून दाखवता : ओळखपत्र छातीवर दिसले पाहिजे, किंमत घेतल्याशिवाय अंक द्यायचा नाही, आणि अंक दिल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत. यांपैकी पहिले दोन मी मोडले. तिसरा मोडण्याची वेळ आली नाही, कारण पैसे मी मागितलेच नाहीत.

३. जानेवारीत रुळांचे काम सुरू झाल्यामुळे माझ्या जुन्या प्रयोगशाळेतील लोक दक्षिण दाराने ये-जा करू लागले. एका सकाळी माझी पूर्वीची सहायक उल्रिका समोर आली. थंडीमुळे मी 'कोपरा'च्या लाल जाकिटावर कोट घातला होता आणि गळ्यापर्यंत लावला होता, त्यामुळे ओळखपत्र दिसत नव्हते. हातात अंकांचा गठ्ठा होता. शेजारी हिरव्या जाकिटातला मिर्साद प्रवाशांना रोजचा फुकट पेपर वाटत होता. मिर्साद तो पेपर काढणाऱ्या कंपनीचा वाटप कर्मचारी आहे आणि आम्ही रोज शेजारी उभे असतो.

उल्रिका म्हणाली, "गुनवोर! अगं, तूच ना? इथे थंडीत काय करतेयस?"

मी म्हणाले, "पेपर वाटतेय. सकाळचं चालणं होतं. घे ना, फुकट आहे."

तिने अंक घेतला, चाळला आणि म्हणाली, "हा बराच जाड आहे गं. तो हिरव्या जाकिटवाल्याचा तर पहिलं स्टेशन यायच्या आत वाचून संपतो."

ती गाडीत बसेपर्यंत मी हसत होते. नंतर बराच वेळ एकही अंक विकला नाही, कारण तोंडातून किंमत निघेना.

४. हे एकदाच झाले असते तर मी आपल्याला त्रास दिला नसता. परंतु उल्रिकाने तो अंक प्रयोगशाळेच्या कॉफीच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून एकेक जण येऊ लागला. "आम्हालाही दे की, ओळखीतल्यांना नाही म्हणतेस?" असे म्हणत आमचे जुने विभागप्रमुख स्वतःसाठी एक आणि सासूसाठी एक घेऊन गेले. शब्दकोडे फार चांगले असते, असे त्यांनी आवर्जून सांगितले. हे सर्व अंक मी आपल्या खिडकीवरून नेहमीप्रमाणे आगाऊ पैसे भरून घेतलेले होते. संस्थेचे नुकसान झालेले नाही, एवढेच यात समाधान आहे.

५. पुढची अडचण अशी झाली की फुकट पेपर रोज नवा निघतो आणि 'कोपरा' पंधरा दिवसांनी. उल्रिका विचारू लागली, "आजही तोच? तुमचा पेपर झोपलाय का?" मी छापखान्यात बिघाड असल्याचे सांगितले. दुसऱ्यांदा तेच सांगता येईना, तेव्हा मी मिर्सादच्या गठ्ठ्यातले पेपर घेऊन प्रयोगशाळेच्या लोकांना देऊ लागले. म्हणजे कोटाच्या आत 'कोपरा'चे जाकीट आणि हातात दुसऱ्याच कंपनीचा पेपर, अशा स्थितीत मी आपल्या संस्थेने दिलेल्या जागेवर उभी राहत असे. माझे नेहमीचे गिऱ्हाईक येताना दिसले की कोट उघडायचा आणि उल्रिका दिसली की लावायचा, असे चालले होते. कोटाची चेन त्यातच तुटली.

मिर्साद सुरुवातीला हसला. म्हणाला, "अगं बाई, मी फुकट वाटतो ते कमी पडलं म्हणून तू त्याहून फुकट वाटायला लागलीस? माझ्या पोटावर पाय!" पुढे त्याचे पेपर लवकर संपतात हे पाहून कंपनीने त्याला जास्त गठ्ठे पाठवायला सुरुवात केली. तेव्हा त्याचे हसणे थांबले. "तुझ्या अब्रूचं ओझं माझ्या पाठीवर कशाला?" असे त्याने मला विचारले.

६. सेमला, म्हणजे साय भरलेला गोड पाव, खाण्याच्या सणाच्या मंगळवारी उल्रिका माझ्यासाठी बेकरीतून सेमला घेऊन आली. "तू आम्हा सगळ्यांसाठी एवढी थंडीत उभी राहतेस, तर हे आमच्या सगळ्यांकडून," असे ती म्हणाली. मी तो घेतला. निवाऱ्यातही त्या दिवशी सेमले वाटले, पण मी भूक नाही म्हणून सांगितले. त्याच संध्याकाळी मी आपल्याला संदर्भ क्र. १ चा अर्ज लिहिला.

त्या अर्जात जागा बदलण्याचे कारण 'दक्षिण दारापाशी असह्य वारा' असे दिले आहे आणि सोबत वाऱ्याच्या व तापमानाच्या नोंदींचा तक्ता जोडला आहे. त्यातील आकडे खरे आहेत. मी ते योग्य पद्धतीने घेतले होते. कारण मात्र खोटे आहे. आयुष्यभर मी नमुन्यांचे अहवाल लिहिले, पण खऱ्या आकड्यांचा असा उपयोग यापूर्वी कधी केला नव्हता. आपण तक्ता पाहून अर्ज लगेच मंजूर केलात आणि वर गरम मोजेही पाठवलेत. मोजे मी वापरले नाहीत. ते परत करत आहे.

७. आता रूने यांच्याविषयी. ते मध्यवर्ती स्थानकावर, फुलांच्या दुकानाबाहेर, आमच्यापैकी सर्वांत जास्त काळ उभे आहेत, हे आपण जाणताच. गेल्या शनिवारी उल्रिका तिथून जात होती. तिने त्यांच्या हातातला अंक सहज घेतला आणि पुढे निघाली.

रूने म्हणाले, "बाई, पैसे राहिले."

"पैसे कसले? हा फुकट असतो. आमची गुनवोर रोज म्योल्नडालला वाटते. लोकांना फसवता होय?"

त्यांनी किंमत छापलेली जागा दाखवली. ती म्हणाली, "ते छापलेलं असेल हो, घेत कोणी नाही." फुलांच्या दुकानासमोर त्यांची रोजची गिऱ्हाईके उभी होती. त्यांतल्या एका गृहस्थांनी खिशात घातलेला हात तसाच बाहेर काढला. स्थानकाचा रखवालदार आला आणि त्याने रूने यांना अंक उचलून बाजूला व्हायला सांगितले. यात उल्रिकाची काही चूक नाही. तिला जे माहीत होते तेच ती बोलली, आणि ते तिला मी सांगितले होते.

८. नोटीस मिळाल्यावर आपल्या कार्यालयातील कॉफीच्या खोलीत मी रूने यांची माफी मागितली. ते कप ठेवून म्हणाले, "माफी ठेव तुझ्याजवळ. तुला 'कोपरा' विकायची लाज वाटते ना? मग आम्ही काय निर्लज्ज?" मी मान्य करते की हा अर्थ माझ्या मनात आला नव्हता. माझ्या वागण्यात तो पहिल्यापासून होता, हेही मान्य करते.

मी त्यांना विचारले, मी काय करावे?

ते म्हणाले, "तिला सांग. मला चोर म्हणाली ती, तिला सांग, तुझ्या तोंडाने. आणि तिथेच उभी राहा. दुसरीकडे पळालीस तर त्या लोकांच्या दृष्टीने हा पेपर कायमचा फुकट राहील. उद्या त्या दारात दुसरा कोणी उभा राहिला, की त्यालाही चोर म्हणतील."

त्यांचे म्हणणे मी सर्व बाजूंनी तपासून पाहिले. त्यात मला चूक सापडली नाही.

९. म्हणून काल सकाळी मी हातात काही न घेता दक्षिण दारापाशी गेले. विक्रीस बंदी असल्याने अंक नेले नाहीत, याची कृपया नोंद घ्यावी. उल्रिका आली. सांगायची वाक्ये मी ठरवून गेले होते : मी हा पेपर विकते, तो फुकट नाही, त्या गृहस्थांचे पैसे द्यायचे राहिले आहेत, आणि मी निवाऱ्यात राहते.

तिने विचारले, "आज रिकामी? पेपर कुठेय?"

मी म्हणाले, "आज सुट्टी आहे."

"बरं झालं, जरा आराम कर," असे म्हणून तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि ती गाडीकडे धावली. मिर्साद ऐकत होता.

१०. तरी आपणांस विनंती की,

(अ) मंजूर झालेली नवी जागा दुसऱ्या गरजू विक्रेत्याला द्यावी. तिथे वारा कमी आहे असे ऐकते.

(ब) बंदीचे दिवस संपल्यावर मला दक्षिण दारापाशीच उभे करावे. शक्य असल्यास पहिल्या सकाळी रूने यांना माझ्या शेजारी उभे राहण्याची परवानगी द्यावी. ते यायला तयार आहेत. "येतो, पण तोंड तू उघडायचंस," अशी त्यांची अट आहे आणि ती मला मान्य आहे.

(क) कालचा प्रकार पाहता माझ्या मान्य असण्यावर आपण फार विसंबू नये. मी स्वतःला आता बऱ्यापैकी ओळखते. उल्रिका पुन्हा समोर आली की त्याच संध्याकाळी मी वारा, गुडघे किंवा आणखी एखाद्या कारणाने जागा बदलून मागण्याची दाट शक्यता आहे. सोबत तक्ताही असेल, आणि तो बरोबर असेल. तसा अर्ज माझ्या सहीने आला तर तो कृपया मंजूर करू नये. त्याचे उत्तर म्हणून मला हाच अर्ज परत पाठवावा.

आपल्या निर्णयाप्रमाणे उभी राहणारी,

गुनवोर हेदलुंड
विक्रेती, म्योल्नडाल (दक्षिण दार)
गोथेनबर्ग, ७ मार्च

सोबत :
१) आपल्या नोटिशीची प्रत.
२) मिर्साद यांचे निवेदन. (शेवटी त्यांनी एक विनोद लिहिला आहे. तो खोडायला ते तयार झाले नाहीत.)
३) गरम मोजे, एक जोड, न वापरलेले.