बदकांखालचं अंथरूण

सोमवार, ४ तारीख

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. काय लिहायचं ते सुचत होतं, पण लिहवत नव्हतं. तुझी चोवीस पिल्लं आता तेवीस आहेत. तू पाय मोडून इस्पितळात गेलीस आणि मी पिल्लांच्या उबेच्या खोक्यात, त्या ब्रूडरमध्ये, पसरट परातीत पाणी ठेवलं. बदकं म्हणजे पोहणारच, असं आपलं मला वाटलं. ती पोहली, बाहेर आली, अंग झाडलं, पुन्हा आत. खालच्या वर्तमानपत्रांचा तासाभरात लगदा! वर बल्ब चालू होता, तरी सगळ्यात धाकटं गारठून गेलं. दोन पिल्लं कागदावर घसरून फेंगडी चालतात. दिवसातून सहा वेळा कागद बदलतो. मध्येच तुझी खिडकी रंगवायला घेतली, ती निम्मी हिरवी झालीये. ते आल्यावर बघ.

हवं तेवढं रागाव, पण उत्तर धाड.

तुझा,
भिंगरी

शुक्रवार, ८ तारीख

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गेलं त्याचं वाईट वाटलं. लपवलं नाहीस, हे बरं केलंस. परात आधी बाहेर काढ. चोच बुडेल पण अंग मावणार नाही, असं भांडं घे. ते जाळीवर ठेव आणि जाळीखाली ताट. सांडेल ते ताटात. कागद बंद. खाली रंध्यातून निघणाऱ्या लाकडाच्या कुरळ्या साली हव्यात, चार बोटं जाड. बारीक भुसा नको, पिल्लं तो खातात. रोज मूठभर साली उचलून दाबायच्या. तळहात ओलसर झाला, की तेवढ्या काढून कोरड्या घालायच्या.

साली कुठे मिळतात, ते तुला मी सांगायला नको. माझा सुतार भाऊ तुझा बापही आहे. तू रंधा टाकून पळालास त्याला दोन वर्षं झाली, तरी दोघंही तोंड फुगवून बसलात. मी मध्ये पडणार नाही, मला माझं प्लास्टर पुरे. पण ओल्यात ती पिल्लं आणखी चार दिवस काढणार नाहीत.

उरलेली खिडकीही रंगव.

तुझीच,
आत्या

मंगळवार, १२ तारीख

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्यावर तुझ्या फाटकापर्यंत तीनदा गेलो आणि परत आलो. शेवटी रविवारी, बाबा जेवायला घरी गेल्यावर, त्यांच्या शेडमध्ये शिरलो. किल्ली अजून विटेखालीच असते. पोत्यात साली भरता भरता सगळी शेड झाडून काढली, बाकाखालचा कोपरासुद्धा. तिथे शिकत होतो तेव्हा झाडू दिसला की मी गायब व्हायचो. चिठ्ठी लिहायला घेतली, दोन शब्दांवर अडलो, फाडली.

आता अंथरूण कोरडं आहे. ताटात पाणी साचतं, साली भिजत नाहीत. तेवीसच्या तेवीस ठणठणीत. फेंगडीसुद्धा पायावर नीट उभी राहतात. पण पोतं तळाला गेलंय. उद्या पुन्हा जायचं, आणि या वेळी तोंड दाखवून, असं ठरवलंय. काय बोलायचं, ते मात्र

थांब, फाटकाची कडी वाजली.

आत्या, बाबा आलेत! खांद्यावर गच्च भरलेलं पोतं. माझ्याकडे न बघता सरळ ब्रूडरशी गेले, मूठभर साली उचलून दाबल्या, तळहात उजेडात धरून पाहिला. कोरडा होता. आता पाठ करूनच विचारतायत, शेड झाडायला पुन्हा कधी येणार म्हणून.