तारखेखालची रेघ

बाई, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली. मी एकसष्टची आहे आणि अजून नोकरी करते. कॉलेजच्या मैदानावर तुम्ही सॉफ्टबॉल शिकवलात, तो काही सुटला नाही. सिडनीत त्याचा थोरला भाऊ भेटला, बेसबॉल. दर शनिवारी टूनगॅबीहून गाडी काढते, क्लबच्या मैदानावर जाळीमागे खुर्ची टाकते आणि स्कोअर लिहिते. मुलगी म्हणते, "मम, नोबडी आस्क्ड यू." खरं आहे. आधी लिहिणाऱ्या गृहस्थांच्या नोंदी मी दोन शनिवार तपासल्या आणि त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. या खेळात प्रत्येक चूक कुणाच्या तरी नावावर लिहावीच लागते, म्हणून तो मला आवडतो.

एरवी मी चटण्या आणि सॉस बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये असते. प्रत्येक बॅचचा आंबटपणा तपासायचा, शीटवर लिहायचा, मग माल सोडायचा. आकडा काठावरचा असला तर मी शीटच्या कोपऱ्यात पेन्सिलने गोल काढायची, म्हणजे ही बॅच पुन्हा तपासल्याशिवाय सोडायची नाही. नवा मॅनेजर महिन्यात तीनदा विचारून गेला, रिटायरमेंटचं काही ठरवलंय का. "नो वरीज, जस्ट आस्किंग." सहज विचारणारा माणूस तीनदा विचारत नाही. मग माझ्या शेजारी एक टेबल आलं आणि त्यावर वसईची एक चाळिशीतली मुलगी, प्रोबेशनवर. पहिल्याच दिवशी तिने मला ताई म्हटलं आणि रवा-नारळाचा केक पुढे केला. मी सावध झाले.

"ताई, हा गोल कसला?" तिने विचारलं, मी सांगितलं. पण एका दुपारी मी खोलीत शिरले तर ती फोनवर माझ्या शीटचे फोटो काढत होती. मला बघताच फोन खिशात. मला तेवढं पुरलं. मॅनेजरला माझं काम टिपून हवं असणार, म्हणजे मला घरी बसवायला तो मोकळा. दुसऱ्या दिवसापासून गोल काढणं बंद केलं आणि तारखेखाली एक बारीक रेघ मारायला लागले. तिला सांगितलं नाही.

इथे तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलं असतंत. कॉलेजच्या त्या फायनलच्या दिवशी बघितलंत तसं. मी कॅचर, बॉल कुठे टाकायचा ते बॅटरमागून पिचरला बोटांनी सांगणारी. सेकंड बेसवर उभी असलेली समोरच्या संघाची मुलगी माझ्या बोटांच्या खुणा वाचून बॅटरला इशारे देते आहे, अशी माझी खात्री झालेली. मी खुणा बदलते, आणि आपल्या पिचरलाच सांगत नाही. ती जुन्या खुणेप्रमाणे बॉल खाली टाकते, माझा हात वर. बॉल थेट जाळीपर्यंत जातो, रन होतो, आपण हरतो. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "सापडला का गं चोर? आपलीच पोरगी तेवढी आंधळी केलीस."

मंगळवारी मी दातांच्या डॉक्टरकडे होते. टोमॅटोच्या चटणीच्या एका बॅचवर माझी रेघ होती. तिने गोल शोधला, दिसला नाही, तिने माल सोडला. दुकानांत जायच्या आत गोदामातून परत आणला, पण ठपका तिच्यावर बसला. शुक्रवारी तिला ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. बुधवारी मी तिला गाठलं.

"फोटो कशाला काढत होतीस?"

"घरी बसून शिकते हो, ताई. तुम्हाला दोनदा विचारलं की तुम्ही असं बघता ना, भीती वाटते."

"कसं बघते?"

"हे बघा, असं."

खरं असेल. मॅनेजरने पढवून ठेवलेलं उत्तरही असेल. गुरुवारी सकाळी मी त्याच्या टेबलावर ती शीट ठेवली आणि रेघेवर बोट ठेवलं. खूण मी बदलली, तिला सांगितलं नाही, चूक माझी. त्याने शीट स्वतःकडे ओढून घेतली. "राइट," म्हणाला, "लीव्ह इट विथ मी." त्या 'राइट'चा अर्थ मला अजून लागलेला नाही. तिची नोकरी राहिली. मला सोमवारी एचआरने बोलावलं आहे.

आज मैदानावर बॉल कॅचरला चुकवून मागे गेला. अशा वेळी लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं, पिचरने वेडावाकडा टाकला की कॅचरला धरता आला नाही. मी कॅचरच्या नावावर लिहिलं. जाळीपलीकडून त्याची आई ओरडली, "आर यू सीरियस, लव्ह?" आहे, म्हटलं.

बाई, फायनलचं स्कोअरबुक तुम्ही मला घरी नीट उतरवून आणायला दिलं होतंत. त्यात तो बॉल मी पिचरच्या नावावर लिहिला. विद्यापीठाच्या संघात मी गेले, ती गेली नाही. खरं काय ते तुम्हाला माहीत होतं, तरी त्या पानावर तुमची सही आहे. महिन्याभराने तुम्ही मला तुमचा स्वतःचा मिट, कॅचरचा तो जाड हातमोजा, दिलात. तो अजून माझ्या कपाटात आहे. तुम्ही ते पान न वाचता सही केलीत की वाचून, हे मला इतकी वर्षं विचारायचं होतं. सुट्टीत भेटायला येत होते तेव्हाही विचारलं नाही. तुम्ही वाचून केली म्हणाला असतात, तर मिट परत द्यावा लागला असता.